तालुक्याच्या कराटे क्लासची फी वाजवी आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं?

शिलाईवाली_यवतमाळ

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. तालुक्याचं आणि क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण सरांशी माझं काही भांडण नाही. मला फक्त पैशाचा हिशेब समजून घ्यायचा आहे.

मुलगी सातवीत आहे, तालुक्याच्या शाळेत एसटीने जाते. शाळा सुटल्यावर सोमवार, बुधवार, शुक्रवार तिथल्याच एका सभागृहात कराटेचा क्लास असतो, एक तासाचा. जुलैपासून जाते. महिन्याची फी ६०० रुपये. ड्रेसचे १,००० लागले. दसऱ्याच्या सुमारास परीक्षा झाली, तिचे ८०० भरले आणि पिवळा पट्टा मिळाला. इथपर्यंत मी शिलाईच्या पैशातून निभावलं.

आता सरांनी पालकांची बैठक घेऊन सांगितलं की तीन वर्षांचे १५,००० रुपये एकदम भरा, पोरं ब्लॅक बेल्टपर्यंत जातील. महिन्याच्या महिन्याला भरलं तर तीन वर्षांचे २१,६०० होतात, म्हणजे ६,६०० वाचतात. सवलत या महिनाअखेरपर्यंत. फार तर दोन हप्ते करून देतील.

आमची चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आहे. तो पुरता मिळाला तरी १५,००० म्हणजे दोन क्विंटल कापूस, आणि त्यातून वेचणीची मजुरी, बियाणं, फवारणी अजून वजा केलेली नाही. नवरा म्हणतो, पोरीला आवडतं ना, कापूस विकला की भरून टाकू. सासूबाईंचं म्हणणं वेगळं आहे, ते इथे लिहीत नाही.

मला हे चालू ठेवायचंच आहे. क्लासला जायला लागल्यापासून पोरगी मान वर करून बोलते. बसस्टँडवर कोणी धक्का मारून पुढे गेलं तर आधी बाजूला व्हायची, आता "ओ, रांगेत या" म्हणते. मला त्याची किंमत आहे. पण ब्लाऊज हातात घेतला की मी शिवण उलटी करून दोन मिनिटांत सांगते, शिवणारीचा हात कसा आहे. कराटेचं मला तसं काहीच सांगता येत नाही. सर म्हणतील ते खरं धरावं लागतं.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. ६०० महिना जास्त आहे की बरोबर? १५,००० एकदम भरावे का? आणि शिकवणारा चांगला आहे हे माझ्यासारखीने कशावरून ओळखावं?

बाळापूरचा_बाप

ताई, माह्यं ऐका. आमच्या गावात मारुतीच्या देवळामांगं आखाडा हाये. माहा पोरगा तिथं लाठी अन् दांडपट्टा शिकून राह्यला. फी म्हणशान तं एक रुपया नाई. गुरुपौर्णिमेले वस्तादाले नारळ, दुपट्टा अन् ज्याले जे जमन ते पाकीट. गणपतीच्या मिरवणुकीत पोट्टे असे खेळतात का लोकं जागचे हालत नाईत. पट्टा नाई, सर्टिफिकेट नाई, परीक्षा नाई. पंधरा हजारात तं दोन एकराचं खत-बियाणं होते. विद्या विकाची गोष्ट नाई, असं मले वाटते. तुमच्या गावात आखाडा असंन तं पोरीले तिथं टाका.

लाठी_आणि_ज्यूदो

ताई, मी अचलपूरकडचा. दिवसा दुसरं काम करतो आणि संध्याकाळी मुलामुलींना ज्यूदो अन् लाठी शिकवतो. मी स्वतः फी घेतो, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या लक्षात राहील.

तुमचे ६०० आधी पाहू. आठवड्यात तीन तास म्हणजे महिन्यात बारा-तेरा तास. तासाला पन्नासच्या आत पडतात. तालुक्याच्या ठिकाणी ही फी मला जास्त वाटत नाही. शिकवणाऱ्याच्या बाजूनेही पाहा. वहीत चाळीस नावं असली तरी वेळेवर पैसे देणारी पंचवीस असतात. म्हणजे हाती येतात १५,००० रुपये. त्यातून सभागृहाचं भाडं, विजेचं बिल, पेट्रोल, मदतीला घेतलेल्या मोठ्या मुलाचे पैसे, फाटलेले पॅड. पावसाळ्यात अन् परीक्षांच्या महिन्यांत वर्ग अर्धा होतो, भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. तेव्हा महिन्याच्या फीत घासाघीस करू नका. तास नीट शिकवत असेल तर ६०० हा त्या माणसाचा हक्क आहे.

१५,००० ची गोष्ट निराळी आहे. १५,००० ला ६०० ने भागा: २५ महिने येतात. म्हणजे ३६ महिन्यांपैकी पोरगी २५ महिने क्लासला गेली तर तुमची बरोबरी होते, त्याहून जास्त गेली तरच फायदा. आता वर्षाचे महिने मोजा. मार्च-एप्रिल शाळेची परीक्षा, मे महिन्यात ती मामाच्या गावी, भर पावसात एसटीचा भरवसा नाही. खेड्यातलं पोरगं वर्षात आठ-नऊ महिने आलं तर मी त्याला नियमित म्हणतो. आठ महिन्यांनी तीन वर्षांचे २४ होतात, म्हणजे १४,४००. एकदम भरण्यात तुमचे पैसे वाचतच नाहीत. आणि ती आज सातवीत आहे ना? तिसरं वर्ष संपेल तेव्हा ती दहावीत असेल. दहावीच्या वर्षी किती आईबाप पोरीला आठवड्यातून तीन दिवस क्लासला पाठवतात, हे मी इतकी वर्षं पाहून राहिलो आहे.

एकदम पैसे मागणारा प्रत्येक शिक्षक फसवणारा असतो असं नाही. पुष्कळदा सभागृहवाला वर्षाचं भाडं आगाऊ मागतो आणि तो भार पालकांवर येतो. पण तीन वर्षांचे पैसे हातात आले की पोरगी पुढच्या महिन्यात येते की नाही, याची काळजी शिक्षकाच्या अंगावरून उतरते. महिन्याची फी त्याला दर महिन्याला ती काळजी करायला लावते. शिवाय त्याला नागपूर-पुण्यात नोकरी लागली, लग्न होऊन तो गाव सोडून गेला, तर उरलेले पैसे कोणाकडे मागणार? फार तर तीन महिन्यांची फी आगाऊ द्या. १,८०० रुपये. त्याला थोडा आधार होईल, तुम्हाला धोका कमी.

आता पट्टा. हे पालकांना कोणी सांगत नाही, म्हणून थोडं लांबवतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानात कोदोकान काढलं आणि ज्यूदोत दर्जाची पद्धत आणली. रंगीत पट्टे पुढे युरोपात रुळले. कराटे मूळचं जपानच्या ओकिनावा बेटाचं. तिथे ही पद्धत नव्हती, ती ज्यूदोवरून आली. ओकिनावाचं कराटे जपानभर नेणारे गुरू फुनाकोशी यांनी कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट १९२४ मध्ये दिले. हे सांगायचं कारण असं की पट्ट्याचा एकच सरकारी दर्जा कुठे नाही. कोरियाच्या तायक्वांदोत निदान सोलच्या कुक्कीवॉन या मुख्य केंद्राचं ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र असतं आणि ते तपासता येतं. कराटेत संघटना पुष्कळ, शैल्या पुष्कळ, प्रत्येकाची परीक्षा वेगळी. एका क्लासचा तपकिरी, म्हणजे ब्लॅकच्या आधीचा पट्टा दुसऱ्या क्लासच्या हिरव्याइतकाही नसतो, असं मी स्पर्धांत पाहिलेलं आहे. म्हणून "ब्लॅक बेल्टपर्यंत" या शब्दाला १५,००० देऊ नका. तो पट्टा कोण देणार, कोणती परीक्षा घेऊन देणार, हे विचारा.

सरांना कागदावर लिहून मागा: अजून किती परीक्षा, प्रत्येकीचे किती, शेवटच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचे किती, परीक्षक कोण, प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं. बहुतेक ठिकाणी ही फी पॅकेजच्या बाहेर असते. आणि एक प्रश्न जरूर विचारा: मागच्या परीक्षेत कोणाला थांबवलं का? परीक्षेला बसलेलं प्रत्येक पोरगं दर वेळी पास होत असेल तर ते पैसे पट्ट्याच्या कापडाचे अन् फोटोचे. कोणाला "अजून तीन महिने सराव कर" म्हणून परत पाठवलं असेल, तर तिथे काहीतरी तपासलं जातं.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याला कराटे यायची गरज नाही. एक दिवस पूर्ण तास भिंतीशी बसून पाहा आणि फक्त स्वतःच्या पोरीकडे पाहा. सगळ्या वर्गाकडे पाहिलं की आवाजाने अन् शिस्तीने डोळे दिपतात. तासातली किती मिनिटं ती हलते, किती मिनिटं रांगेत उभी राहून दुसऱ्यांचं पाहते? सर तिच्यापाशी येऊन तिचं काही दुरुस्त करतात का? टाच उचलली, कंबर वळली नाही, ठोसा मारताना दुसरा हात खाली पडला, असं काही नेमकं बोलतात की नुसतं "जोरात, जोरात"? आणि तेच पुढच्या वेळी पुन्हा बघतात का? माझ्या मते फीचा मोठा हिस्सा या दुरुस्तीचा आहे. रांगेत उभं राहून ठोसे मोजणं मोबाइलवर पाहूनही होतं.

दुसरं, जोडीचा सराव. समोर दुसरं माणूस असल्याशिवाय अंतर कळत नाही, वेळ कळत नाही, भीती जात नाही. जोडी लावताना सर वजन-उंची पाहतात का? लहानीला मोठ्या पोरासमोर उभी करून हसतात का? कोणाला लागलं तर थांबवतात का? शिक्षा म्हणून दमछाक करणारे दंड-बैठका काढायला लावतात का? तहान लागली तर पाणी पिऊ देतात का? आणि पडायचं कसं, हे शिकवतात का? ज्यूदोत आम्ही पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतो. हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटून. शेतात, बांधावर, मोटरसायकलवरून पडताना आयुष्यभर उपयोगी पडतं ते हेच.

आणि पोरीच्या बाबतीत स्पष्ट लिहितो. दार उघडं असावं, पालकांना केव्हाही येऊन बसता यावं, हात-पाय धरून दुरुस्त करण्याआधी सर सांगत असावेत, मोठ्या मुलींपैकी कोणी मदतीला असावी, बाहेरगावी स्पर्धेला नेताना सोबत महिला असावी. "पालकांनी बसलं की मुलांचं लक्ष विचलित होतं" असं म्हणून कोणी बसूच देत नसेल, तर फी शंभर रुपये असली तरी पोरीला काढून घ्या. मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. चांगल्या शिक्षकाला अशा प्रश्नांचा राग येत नाही, मला तरी कधी आला नाही.

बाळापूरच्या दादांना: आखाड्याचा मला अभिमान आहे, मी तिथूनच आलो. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. पण आखाडा फुकट नसतो, दादा. कोणीतरी तो पोसत असतो. गावची वर्गणी असते, देवस्थान असतं, नाहीतर वस्तादाच्या घरची शेती. तुमचा वस्ताद स्वतःच्या रोजीतून वेळ काढून पोरं घडवून राहिला. त्याच्या लाठ्या कोण आणतं, पडलेल्या पोराला दवाखान्यात कोण नेतं, एवढं एकदा त्याला विचारा. आणि ताईंच्या पोरीला बाराव्या-तेराव्या वर्षी रोज संध्याकाळी घेणारा आखाडा त्यांच्या गावात असेलच, असं नाही.

खाकी_चंद्रपूर

मी पोलीस शिपाई आहे, मूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली. वरच्या दादांचं बहुतेक पटलं, दोन गोष्टी जोडते.

पालक पुष्कळदा पोलीस भरती डोळ्यासमोर ठेवून पैसे भरतात. क्लासवालेही "भरतीला उपयोग होतो" असं सांगतात. आमच्या शिपाई भरतीत मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर धावणे २०, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. त्यात कोणत्याही पट्ट्याला गुण नाहीत. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेत ठराविक पातळीवर यश लागतं आणि ते प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. तेव्हा नोकरीच्या नावाखाली जास्तीचे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका.

तरीही मी म्हणेन, क्लास बंद करू नका. मी तायक्वांदो शिकले. माझ्या आईने तेंदूपत्त्याच्या हंगामातल्या पैशातून माझी फी भरली आहे. मला त्यातून काय मिळालं? मार खाल्ल्यावर डोकं ठिकाणावर ठेवता येतं. बंदोबस्तात गर्दी अंगावर आली की पुष्कळ जण गोठून जातात. मी पाय रोवून, आवाज चढवून, मागे जायची वाट आधी बघून ठेवते. हे मला जोडीच्या लढतीनेच शिकवलं, रांगेतल्या ठोशांनी नाही. म्हणून जोडीचा सराव किती, हा दादांचा मुद्दा सगळ्यात आधी तपासा.

आणि "तीन महिन्यांत तुमची मुलगी चार जणांना लोळवेल" असल्या जाहिरातीवर एक रुपयाही खर्च करू नका. शिकवणाऱ्याने मुलीला मनगट सोडवणं, ओरडणं, पळणं आणि घरी येऊन सांगणं शिकवलं पाहिजे. ११२ (पोलिसांची मदत) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) हे दोन नंबर पाठ असले पाहिजेत. एवढं ज्या क्लासमध्ये बोललं जातं, तिथे माणूस जबाबदारीने शिकवतो असं मी समजते.

शेवटची बस किती वाजता आहे, हेही लिहा ताई. क्लास कितीही चांगला असला तरी पोरगी अंधारात फाट्यावर एकटी उतरत असेल तर तो हिशेब आधी सोडवावा लागेल.

शिलाईवाली_यवतमाळ

सगळ्यांचे आभार. खाकी ताई, बस सहाला आहे आणि क्लास साडेपाचला सुटतो. गावातल्या आणखी दोन मुली सोबत असतात. थंडीच्या दिवसांत मी किंवा तिचे बाबा फाट्यावर जातो.

बुधवारी शिलाई बाजूला ठेवून पूर्ण तास बसून आले. सर काही बोलले नाहीत, उलट खुर्ची दिली. ३८ मुलं होती, त्यात मुली बारा. शिकवायला सर आणि तपकिरी पट्ट्याचा एक मुलगा. पहिला बराच वेळ पळणं आणि अंग मोकळं करणं, मग रांगेत ठोसे आणि लाथा, मग काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली ओळीने एकट्याने करणं. माझ्या पोरीपाशी सर दोनदा आले. दोन्ही वेळा मागच्या पायाची टाच उचलते म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी तिने टाच टेकवली तेव्हा "असंच" म्हणाले. जोडीचा सराव फक्त शुक्रवारी असतो, तोही शेवटची पंधरा मिनिटं. खाली शहाबादी फरशी आहे, मॅट नाही. पडायला शिकवत नाहीत.

कागद मागितला तर सरांनी लिहून दिला. अजून आठ परीक्षा, ८०० पासून १,२०० पर्यंत, आणि नंतर ब्लॅक बेल्टची ७,५००. हे १५,००० मध्ये धरलेलं नाही. लढतीचं सामान, म्हणजे दस्ताने, पायाचे गार्ड, छातीचं अन् दाताचं, हिरव्या पट्ट्यानंतर घ्यावं लागेल, साधारण ३,५००. मध्येच सोडलं तर पैसे परत नाहीत. मागच्या परीक्षेत दोन मुलांना थांबवलं होतं, हे मात्र खरं निघालं. त्यातल्या एकाची आई माझ्या शेजारीच बसली होती.

आता मला काय कळत नाही ते असं: माणूस चांगला दिसतो, पण फरशी आणि जोडीच्या सरावाचं काय करावं?

लाठी_आणि_ज्यूदो

ताई, तुम्ही जे पाहून लिहिलं तेवढं मला पाहिजे होतं. टाचेची गोष्ट ऐकून मी त्या सरांच्या बाजूचा झालो. तीच चूक दोनदा पाहणारा आणि सुधारल्यावर सांगणारा शिक्षक सहज मिळत नाही. त्यांना धरून राहा.

आता बेरीज. आठ परीक्षा सरासरी १,००० धरा, म्हणजे ८,०००. वर ७,५००. झाले १५,५००. सामानाचे ३,५००. म्हणजे "१५,००० मध्ये ब्लॅक बेल्ट" प्रत्यक्षात ३४,००० चा आहे, आणि वाढत्या अंगाला ड्रेस पुन्हा लागेल तो वेगळा. पॅकेज घेऊ नका. सरांना नम्रपणे विचारा की पोरगी वर्षातून एक किंवा दोनच परीक्षा देईल, बाकी वेळ नुसती शिकेल, हे चालेल का. ते "हो" म्हणाले तर तुमच्या वर्षाच्या खर्चावर तुमचा ताबा राहतो आणि पोरीचंही नुकसान नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरीने दर तीन महिन्यांनी पट्टा बदलायची काहीच घाई नाही. परीक्षा दिल्याशिवाय पुढचं शिकवतच नाही म्हणाले, तर तेव्हा मी दुसरा विचार करीन.

फरशीचं काम मात्र होऊ शकतं. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट मिळतात, एक चौरस मीटरची. आम्ही साध्या जाडीच्या घेतल्या त्या आठशेच्या आसपास पडल्या. सगळं सभागृह झाकायची गरज नाही. चार बाय चार मीटरचा तुकडा, म्हणजे १६ मॅट, १२,८०० रुपये. ३८ घरांत वाटले तर माणशी साडेतीनशेच्या आत. वर्षानुवर्षं टिकतात. सरांना सांगा, पालक मॅट आणतो, तुम्ही बुधवारचा अर्धा तास जोडीला अन् पडण्याला द्या. मुलं दोन गटांत करता येतात: एक गट मॅटवर, दुसरा त्या तपकिरी पट्ट्याच्या मुलाकडे काताला. माझ्याकडे मुलं वाढली तेव्हा मी असंच केलं.

क्रीडाशिक्षक_आर्वी

शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, वर्धा जिल्ह्यात. या चर्चेत स्पर्धांचा खर्च राहून गेला आणि पालकांचा खिसा तिथेच जास्त रिकामा होतो.

"नॅशनल", "इंटरनॅशनल" अशा नावाच्या खासगी खुल्या स्पर्धा पुष्कळ असतात. प्रवेश फी हजाराच्या घरात, गाडीभाडं, राहणं, जेवण. एकेका गटात तीन-चार मुलं, त्यामुळे घरी येताना प्रत्येकाच्या गळ्यात पदक. मुलाला अनुभव म्हणून वर्षातून एखादी ठीक आहे. पण दहावीला खेळाचे वाढीव गुण हवे असतील तर ती प्रमाणपत्रं चालत नाहीत. त्यासाठी सरळ वाट म्हणजे शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धेत उतरणं. तिथून विभाग, राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, वजनानुसार. त्या स्पर्धांचा खर्च खासगी स्पर्धांच्या मानाने फार कमी. ताई, मुलीच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला आजच सांगून ठेवा, कारण नावं शाळेकडूनच जातात. क्लासच्या सरांना त्यात काही करता येत नाही.

कोणी ऑलिंपिकचं स्वप्न दाखवून फी वाढवत असेल तर एवढं माहीत असू द्या: कराटे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये होतं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं. ज्यूदो आणि तायक्वांदो दोन्हीकडे होते.

आणखी एक. तुमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीपासून पुढचे वर्ग असतील तर तिथे चौकशी करा. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं, आणि त्यासाठी शाळेला महिन्याला ५,००० पर्यंत निधीची तरतूद आहे. मुलींकडून फी घ्यायची नसते. तीन महिन्यांत कोणी तरबेज होत नाही, पण ज्या घरांना ६०० परवडत नाहीत त्या मुलींना सुरुवात तरी मिळते. मुख्याध्यापकांना पालकांनी विचारलं की काम लवकर हलतं, हा माझा अनुभव आहे.

बाळापूरचा_बाप

अचलपूरच्या भाऊंनी म्हटलं ते मी वस्तादाले इचारलं. लाठ्या त्यायनं सोताच्या पैशानं आनल्या व्हत्या, इतके साल कोनाले बोलले नाई. आमी चार-पाच जनायनं ठरोलं, दर महिन्याले घरामांगं १०० रुपये गोया करू अन् त्यायच्या हातात देऊ. पोरीबी घ्या म्हनून मनलं. ते म्हनले, सकायी सहाले येत असतीन तं घेतो.

शिलाईवाली_यवतमाळ

आज सरांना भेटून आले. पॅकेज घेत नाही म्हणून सांगितलं आणि डिसेंबर ते फेब्रुवारीचे १,८०० त्यांच्या हातात दिले. पावती दिली. परीक्षा वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुट्टीत, असं ठरलं. त्याला त्यांनी "हो" म्हटलं आणि म्हणाले, पुढच्या पट्ट्याचं शिकवायचं थांबवणार नाही.

मॅटचं बोलले तर ते स्वतःच म्हणाले की मलाही पाहिजेत, पण पालकांना मागायला संकोच वाटतो. मी अकरा पालकांशी बोलले आहे, आठ तयार आहेत. बाकीच्यांना शुक्रवारी भेटते. ज्यांना नाही जमणार त्यांच्याकडून घ्यायचं नाही, असं आम्ही आयांनी ठरवलं. पोरीच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडेही नाव देऊन आले.

मॅट किती जाडीच्या मागवायच्या ते सांगा. दुकानदार २० मिलिमीटरच्या सांगतो.

लाठी_आणि_ज्यूदो

नुसतं कराटे असेल तर २० ते २५ मिलिमीटर पुरे. पण तुम्हाला पडण्याचा सराव हवा आहे, तेव्हा ४० च्या घ्या. महाग पडतील, त्यामुळे १६ च्या ऐवजी आधी नऊ घ्या, तीन बाय तीन मीटर. एका वेळी एक जोडी पडेल एवढी जागा होते. पैसे जमतील तशा त्याच कंपनीच्या, त्याच जाडीच्या वाढवा, नाहीतर कडा एकमेकांत बसत नाहीत. घेताना एक मॅट खाली ठेवून गुडघा दाबून पाहा, फरशी लागली तर घेऊ नका. रोज क्लास संपला की ओल्या फडक्याने पुसायच्या आणि उभ्या करून ठेवायच्या, उन्हात टाकायच्या नाहीत.